भिंत पाडण्याआधी: घरातले बीम, कॉलम आणि टेकू यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्हाला फोन येतो तो बहुतेक वेळा अर्धी भिंत पाडून झाल्यावर. ठेकेदार हातोडा खाली ठेवून म्हणतो, 'आत सळ्या लागल्यात, एकदा इंजिनिअरला विचारून घ्या.' मुंबई-ठाण्यातल्या सोसायट्यांपासून पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांपर्यंत तपासण्या करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले, ते इथे उत्तरांसह दिले आहेत.

हॉल आणि किचनमधली भिंत पाडता येईल का?

भिंतीकडे नंतर बघू, आधी वर बघा. घराचा भार स्लॅबवरून बीमवर, बीमवरून कॉलमवर आणि कॉलममधून पायात उतरतो. आरसीसी, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या, सांगाड्याच्या इमारतीत आतली चार इंची विटांची भिंत या वाटेत कुठेच नसते. ती खोल्या वेगळ्या करते, एवढंच. अशी भिंत सहसा काढता येते.

'सहसा' म्हणतो त्याला कारणं आहेत. पंचवीस-तीस वर्षांच्या इमारतीत स्लॅब थोडा झुकलेला असतो आणि खालच्या भिंतीवर टेकलेला असतो. कागदावर ती भिंत भार घेत नाही, प्रत्यक्षात घेत असते. भिंतीच्या माथ्यावर प्लास्टर चिरडल्यासारखं फुटलेलं दिसलं, तर काम थांबवून विचारा. दुसरं म्हणजे, १९८०च्या आधीच्या बऱ्याच दुमजली-तिमजली इमारती लोड बेअरिंग आहेत. तिथे नऊ इंची भिंत हाच खांब. घरात कुठेही कॉलमचा कोपरा बाहेर आलेला दिसत नसेल आणि मधल्या भिंतीही नऊ इंची असतील, तर हातोडा पेटीत ठेवा.

पाडण्यापेक्षा मला नव्या भिंतीची जास्त काळजी वाटते. दहा फूट लांब, नऊ फूट उंच, चार इंची विटांची भिंत दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसकट सव्वादोन टनांच्या आसपास भरते. ती खाली बीम नसलेल्या जागी, स्लॅबच्या मधोमध उभी केली की स्लॅबवर एक छोटा ट्रक उभा केल्यासारखंच आहे. भिंत हवीच असेल तर हलक्या एएसी ब्लॉकची घ्या, वजन निम्म्याहून कमी होतं. जिप्सम बोर्डाची त्याहून हलकी.

आणि राडारोडा! पाडलेली भिंत हॉलच्या मध्यभागी ढीग करून चार दिवस ठेवतात. जे वजन दहा फुटांत वाटलेलं होतं ते एका जागी येतं. त्याच दिवशी गोणीत भरून खाली न्यायला सांगा.

पीओपीच्या छतामुळे बीम दिसतच नाहीत. कुठे आहेत ते कसं कळणार?

सोसायटीकडे किंवा महापालिकेकडे मंजूर नकाशे असतात, पण त्यात खोल्या असतात. आपल्याला हवा तो आरसीसीचा नकाशा, आणि जुन्या सोसायट्यांत तो बहुधा कोणाकडेच सापडत नाही. मग जिन्यात आणि पार्किंगमध्ये जा. पार्किंगमध्ये सांगाडा उघडा असतो. वरच्या मजल्यांवर कॉलम त्याच जागी असतात. मोजपट्टी घेऊन अंतरं मोजली की तुमच्या घरातले कॉलम कुठे लपलेत ते कळतं. खातरजमा करायला रीबार लोकेटर हे यंत्र भिंतीवरून फिरवतात, ते आतल्या सळ्या दाखवतं. अगदीच नाही तर पीओपीला हातभर चौकोन कापून बघा. दुरुस्त करायला फारसा खर्च येत नाही.

आमचा फ्लॅट नवीन आहे आणि घरात बीमच नाहीत. म्हणजे सगळ्या भिंती पाडता येतील?

उलट. एकही पाडता येणार नाही, असं धरून चला.

गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच टॉवरमध्ये ज्याला सगळे 'मिव्हान' म्हणतात ते ॲल्युमिनियमच्या साच्यांचं तंत्र वापरलंय. त्यात भिंती आणि स्लॅब एकाच वेळी काँक्रीटमध्ये ओततात. वेगळे बीम-कॉलम कमी दिसतात, कारण भिंतच ते काम करते. वरच्या मजल्यांचा भार आणि वाऱ्या-भूकंपाचा आडवा धक्का दोन्ही तीच पेलते. बोटाने टकटक करून पाहा, विटेसारखा पोकळसर आवाज येत नाही. खिळा तर जातच नाही, हे तुम्ही पडदे लावतानाच शिकला असाल.

अशा भिंतीत नवं दार काढणं, खिडकी मोठी करणं किंवा वायरिंगसाठी आडवी झिरी मारणं, तिन्ही बंद. झिरी मारताना आतली सळई कापली गेली की ती परत जोडणं जिकिरीचं असतं. वायर वरून केसिंगमधून न्या. दिसायला बरं नाही, मान्य. काही प्रकल्पांत आतल्या मोजक्या भिंती ब्लॉकच्या असतात. त्या कोणत्या, हे बिल्डरकडून लेखी घ्या.

कॉलम थोडासा छिलला तर कपाट बसेल. ठेकेदार म्हणतो काही होत नाही.

ठेकेदार बदला.

कॉलमच्या सळ्यांवर साधारण ४० मिलिमीटर काँक्रीटचं कवच असतं. ते सळ्यांना गंजापासून आणि आगीपासून वाचवतं, आणि भारही घेतं. कपाटासाठी दीड इंच छिलला की कवच गेलं. अजून थोडा छिलला की रिंगा तुटतात. रिंगा म्हणजे उभ्या सळ्यांना कमरेला बांधलेली दोरी. ती सुटली की दाबाखाली सळ्या फुगून बाहेर येतात. मध्यम आकाराच्या इमारतीत आतल्या एका कॉलमवर प्रत्येक मजल्याचे पंधरा-वीस टन येतात. वर चार मजले असतील तर हिशोब तुम्हीच करा.

२५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमध्ये दामोदर पार्क भागातली निवासी इमारत कोसळली आणि १७ जण गेले. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि तिथे खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. त्याच्या दहा वर्षं आधी, जुलै २००७ मध्ये, बोरिवलीतली 'लक्ष्मी छाया' पडली, तेव्हाही चर्चा तळमजल्यावरच्या दुकानातल्या कामाचीच होती. तळमजल्याच्या गाळ्यात काम सुरू झालं की सोसायटीच्या सेक्रेटरीने रोज एक चक्कर मारावी, असं मी नेहमी सांगतो. लोकांना ते खवचटपणाचं वाटतं.

एसीचा पाइप न्यायला बीममधून भोक पाडलं तर?

शक्यतो नको. भिंतीतून वळसा घालून न्या. नाइलाजच असेल तर बीम कसा काम करतो ते समजून घ्या. दोन्ही टोकांवर टेकलेला बीम मध्यभागी खालून ताणला जातो, म्हणून तिथे मुख्य सळ्या तळाला असतात. कॉलमजवळ ताण वरच्या बाजूला येतो आणि रिंगाही दाट असतात. त्यामुळे बीमचा तळ आणि कॉलमलगतची टोकं, या दोन जागा वर्ज्य. भोक उंचीच्या मधल्या भागात, कोअर कटरने, सळई चुकवून आणि इंजिनिअरने खूण केलेल्या जागीच. छिन्नी-हातोड्याने नाही.

गॅलरी आत घेऊन खोली मोठी करायची आहे.

परवानगीचा भाग वेगळा, तो महापालिका आणि सोसायटी बघेल. मी वजनाचं सांगतो.

बहुतेक गॅलऱ्या एका बाजूने टेकलेल्या आणि दुसऱ्या बाजूने अधांतरी असतात. अशा स्लॅबमध्ये मुख्य सळ्या वरच्या बाजूला असतात, घरातल्या स्लॅबच्या नेमक्या उलट. दोन धोके इथूनच सुरू होतात. स्लॅब भरताना मजूर सळ्यांवर पाय देऊन फिरतात आणि त्या खाली दबतात, म्हणजे काही गॅलऱ्या जन्मतःच अशक्त असतात. आणि नवी फरशी बसवायला जुनी फोडताना ब्रेकर खोल गेला, तर जखम नेमकी त्याच सळ्यांना होते. फरशीवर, घराच्या भिंतीला समांतर अशी लांब चीर दिसली तर गॅलरीतली कुंड्या, पाण्याचं पिंप, वॉशिंग मशीन सगळं आत घ्या आणि दाखवून घ्या. गॅलरीच्या टोकाला विटांची भिंत बांधणं हा तर मला आजवर दिसलेला सगळ्यात सर्रास आणि सगळ्यात वाईट बदल आहे. बंद करायचीच तर ॲल्युमिनियम आणि काच.

जुन्या फरशीवर नवी फरशी चालेल का?

हिशोब करू. राहत्या खोलीचा स्लॅब माणसं, सामान वगैरे मिळून दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरून डिझाइन करतात. जुन्या फरशीवर दोन इंच मसाला आणि त्यावर टाइल टाकली की चौरस मीटरला १२० किलोच्या आसपास वाढतात. म्हणजे माणसांसाठी ठेवलेल्या जागेपैकी निम्म्याहून जास्त फरशीनेच खाल्ली. दहा बाय बाराच्या खोलीत हे सव्वा टनाच्या वर जातं. तीच टाइल चिकटवायच्या ॲडहेसिव्हने लावली तर चौरस मीटरला तीस किलोत भागतं. एकदा ॲडहेसिव्हने, ठीक. तिसरा थर चढवायचा असेल तर खालचं काढावंच लागेल.

गच्चीवर कोब्यावर कोबा टाकतात, तिथेही हाच हिशोब. आणि बाथरूम हलवून बेडरूमच्या जागी नेणार असाल तर थांबा. मूळ बाथरूमचा स्लॅब खाली दाबलेला असतो, बेडरूमचा नसतो. मग फरशी उचलायला भरणी करतात आणि खालच्या शेजाऱ्याच्या डोक्यावर वजनही वाढतं आणि गळतीही.

भिंतीला तडे गेलेत. घाबरायचं का?

तडा कुठल्या दिशेने गेलाय यावर अवलंबून आहे.

प्लास्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा असतील तर ते प्लास्टर लवकर वाळल्याचं लक्षण. रंग काढताना भरा. कॉलम आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथली सरळ उभी चीरही बहुधा निरुपद्रवी असते. दोन वेगळे पदार्थ, उन्हाने वेगवेगळे फुगतात-आक्रसतात. प्लास्टर करताना सांध्यावर जाळी मारली नाही की ती येतेच.

विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखी तिरपी चढत जाणारी चीर मात्र पाया खचल्याचं सांगते. विदर्भ-मराठवाड्यात आणि पठारावर जिथे काळी माती आहे, तिथे एकमजली घरांत ती फार दिसते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. तडा वैशाखात रुंद होतो आणि श्रावणात मिटतो, मग मालक लिंपून टाकतो आणि पुढच्या वर्षी परत तेच. इथे भिंत दुरुस्त करून उपयोग नाही. घराभोवती पाणी मुरू न देणारा फरसबंदीचा पट्टा, पन्हाळीचं पाणी लांब नेणं आणि पायाशी लागून असलेलं झाड, हे आधी बघावं लागतं.

आता ज्यांना उशीर चालत नाही ते. बीमच्या टोकाला, कॉलमजवळ, तिरपी चीर. कॉलमवर सळईच्या रेषेत उभी चीर. बीमच्या तळाशी लांबलचक आडवी चीर आणि तिच्याकडेने तपकिरी डाग. शेवटच्या दोन्ही आत गंज चालू असल्याच्या खुणा आहेत. पहिली दिसली तर त्याच दिवशी फोन करा.

तडा वाढतोय का हे पाहायला महागडं काही लागत नाही. तड्यावर पीओपीचा बोटभर पट्टा आडवा लावा, त्यावर तारीख लिहा. पट्टा तडकला तर हालचाल चालू आहे.

स्लॅबचं प्लास्टर पडलं आणि सळ्या दिसतायत. ठेकेदार म्हणतो, पुन्हा प्लास्टर मारतो.

मुंबई-ठाण्यात आम्हाला सर्वाधिक वेळा बोलावतात ते यासाठी. ताजं काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि त्यात सळई गंजत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरत जातो आणि तो गुण संपतो. समुद्राची खारी हवा किंवा बांधताना वापरलेली खाडीची रेती असेल तर क्षार आधीच आत बसलेले असतात. मग वरच्या बाथरूमचं पाणी मिळालं की गंज सुरू. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा लागते. तो काँक्रीट आतून ढकलतो आणि एक दिवस तुकडा खाली. सुदैवाने बहुतेकदा रात्री, रिकाम्या स्वयंपाकघरात.

वरून प्लास्टर मारणं म्हणजे गळू न फोडता पट्टी बांधणं. नीट काम असं होतं: आधी गळती बंद, आणि वरच्या शेजाऱ्याशी भांडण असेल तर ते सोसायटीतून आधी मिटवा. मग टेकू. मग सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडायचं, म्हणजे सळईभोवती बोट फिरलं पाहिजे. सळई घासून चकचकीत करायची. ती चौथ्या हिश्श्याच्या आसपास झिजली असेल तर शेजारी नवी बांधायची. गंजरोधक लेप, जुनं-नवं धरणारा बाँडिंग कोट आणि त्यावर पॉलिमर मॉर्टर थराथराने. जखम खोल असेल तर साचा बांधून मायक्रो काँक्रीट ओतायचं. कॉलम फारच खाल्ला गेला असेल तर त्याला चारी बाजूंनी नव्या सळ्या-काँक्रीटचं जॅकेट घालतात. कोटेशनमध्ये यातल्या किती पायऱ्या लिहिल्यात ते वाचा. बरीच कोटेशनं थेट पॉलिमर मॉर्टरपासून सुरू होतात.

टेकू कसे लावतात आणि कधी काढायचे?

आमच्याकडे आजही लाकडी बल्ल्या पाचर मारून लावलेल्या दिसतात. चालतं, पण आट्याचे लोखंडी प्रॉप बरे, उंची नीट जुळवता येते. वर-खाली जाड फळी हवी, नाहीतर प्रॉप फरशी फोडून बसतो. सगळ्यात विसरली जाणारी गोष्ट म्हणजे प्रॉपखालचा मजला. तिसऱ्या मजल्याचा बीम दुसऱ्याच्या स्लॅबवर टेकवला तर भार त्या स्लॅबवर आला. म्हणून खालच्या मजल्यावरही, शक्य तर जमिनीपर्यंत, त्याच रेषेत टेकू लावावे लागतात. खालच्या घरातल्या काकूंना हे पटवणं हा स्वतंत्र प्रकल्प असतो.

नव्या काँक्रीटखालचे टेकू काढायचे दिवस आयएस ४५६ या भारतीय प्रमाणकात दिले आहेत: साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवस, त्याहून लांब स्लॅबला १४. बीम सहा मीटरपर्यंत असेल तर १४, पुढे २१. हे साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलंड) सिमेंटसाठी. दुकानात मिळणारं बहुतेक सिमेंट पीपीसी (पोझोलाना मिसळलेलं) असतं आणि ते सावकाश ताकद धरतं, म्हणून घाई नको. टेकू मधून टोकांकडे सोडत जायचे. अधांतरी गॅलरीचे मात्र बाहेरच्या टोकापासून आत.

लोड बेअरिंग भिंत काढून गर्डर टाकता येतो का?

येतो, पण इंजिनिअरच्या डिझाइनशिवाय नाही. भिंतीत आरपार भोकं पाडून आडवे लोखंडी तुकडे घालतात, त्यांना दोन्ही बाजूंनी प्रॉप लावतात, आणि वरचा भार त्यांनी उचलला की मगच खालची भिंत काढतात. गर्डर किती जाड हे लोक विचारतात. टोकं कशावर टेकणार हे मात्र कोणी विचारत नाही. आधी दहा फुटांत वाटलेला भार आता दोन टोकांवर येतो. विटांवर थेट ठेवला तर विटा चिरडतात, म्हणून खाली काँक्रीटचा बेड ब्लॉक हवा आणि त्याच्याखालचा पायाही तपासायला हवा.

आणि दारा-खिडक्यांच्या माथ्यावरून घरभर फिरणारा काँक्रीटचा पट्टा कापू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदं एकमेकांना बांधलेलीच नव्हती, म्हणून घरंच्या घरं बसली. तो पट्टा भिंतींना एकत्र धरायला असतो.

वाड्यातल्या तुळया अजून भक्कम दिसतात. कशा तपासायच्या?

सागवानी तुळई मध्यभागी क्वचित कुजते. ती कुजते भिंतीत शिरलेल्या टोकाला, जिथे ओल आणि अंधार दोन्ही असतात. स्क्रू ड्रायव्हर टोचा. लोण्यासारखा शिरला तर टोक गेलं. कडीपाटाच्या पाटांवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी. खांबाची उथळी, म्हणजे खालचा बैठकीचा दगड, जागेवर आहे ना, खांब तिच्या मध्यावर आहे ना, तेही बघा. जुन्या माती-चुन्याच्या भिंतींना सिमेंटचं प्लास्टर करू नका, ओल आत कोंडते आणि तुळयांच्या टोकांकडेच जाते. चुनाच लावा. मुंबईच्या जुन्या चाळींत तुळयांऐवजी लोखंडी गर्डर असतात. तिथे संडासाच्या बाजूची टोकं आधी बघायची.

स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे का?

इमारत तीस वर्षांपेक्षा जुनी असेल तर हो. मुंबईत महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधलं कलम ३५३ ब आणि इतर महापालिकांत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातलं कलम २६५ अ. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतींसाठी दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी ऑडिट सांगितलंय.

ऑडिटमध्ये नुसता हातोडा मारून गेले तर प्रश्न विचारा. रिबाउंड हॅमर फक्त पृष्ठभागाचा अंदाज देतो. आतल्या पोकळ्यांसाठी ध्वनिलहरींची चाचणी, गंजासाठी हाफ सेल ही विद्युत चाचणी, आणि कार्बोनेशनसाठी फिनॉल्फ्थेलीनचे थेंब लागतात. काँक्रीट गुलाबी झालं तर शाबूत, रंग आला नाही तर तिथलं कवच संपलं. शंका असेल तिथे कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल नमुना, कापून काढतात.

निकालाचे वर्ग लोकांना गोंधळात टाकतात. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती किंवा काही भाग पाडणं. सी-२बी म्हणजे राहता राहता संरचनात्मक दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. सी-२बीचा कागद हाती आला की सोसायट्या निर्धास्त होतात. मला तिथेच धास्ती वाटते, कारण दुरुस्ती पुढच्या सभेवर ढकलली जाते.

नवीन फ्लॅट असेल तर रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा स्थावर संपदा कायदा, याचं कलम १४ लक्षात ठेवा: ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत संरचनेतला दोष कळवला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा.

बीमखाली झोपू नये म्हणतात, खरं का?

बीम नीट असेल तर खुशाल झोपा. प्लास्टर पोकळ वाजत असेल तर बीम असो वा स्लॅब, पलंग हलवा.

गच्चीवर आणखी एक मजला चढवता येईल?

मूळ पाया आणि कॉलम त्यासाठी डिझाइन केल्याचा कागद असेल तरच पुढे बोलू. गच्चीवर सळ्यांची टोकं वर आलेली दिसतात, तो कागद नव्हे. बऱ्याचदा ती नुसती मालकाची इच्छा असते, आणि वीस पावसाळ्यांनी ती गंजलेलीही असते.

तपासणीला येण्याआधी आम्ही काय तयार ठेवू?

असतील ते नकाशे, आधीच्या ऑडिटचे अहवाल, आणि गळती कधी, कुठे झाली याची आठवण. भिंतींना नवा रंग देऊ नका, डाग आम्हाला बघायचे असतात. शिडी लागेल. आणि कृपा करून माळा रिकामा ठेवा. बाथरूमवरच्या माळ्यावर, जुन्या सुटकेसांच्या आणि गणपतीच्या मखराच्या मागे, स्लॅबचा जो कोपरा असतो तोच बहुतेक घरांत सगळ्यात आधी गेलेला असतो.